गोड पाणी

मला चालायची हौस मुळीच नाही. सोसायटीतल्या मैत्रिणींनी परस्पर नाव घातलं, म्हणून त्या रविवारी सकाळी शुद्ध पाण्याच्या जनजागृतीसाठी काढलेल्या पदयात्रेत मी पनवेलहून निघाले. पांढरे टी-शर्ट, फलक, घोषणा आणि प्रत्येकीच्या हातात सीलबंद बाटली. उलव्याच्या वाटेवर, नव्या बांधकामांच्या मधे उरलेल्या एका गावात पदयात्रा संपणार होती. तिथे घरोघरी फॉर्म भरायचे. ज्यांचं पाणी वाईट, त्यांना देणग्यांतून फिल्टर मिळणार होता.

माझ्या यादीतल्या शेवटच्या घरी एक काकू दारात कोलंबी सोलत बसल्या होत्या. आत त्यांची सून, सातव्या महिन्यातली, भिंतीला टेकून बसली होती. मी विचारलं, "पाणी कसं आहे विहिरीचं?"

"गोड हाय बाय, एकदम गोड," काकू म्हणाल्या.

मी उरणची. माहेरची विहीर मचूळ, त्यामुळे गोड पाणी लांबून डोक्यावरून आणावं लागे. कित्येक वर्षांनी तो शब्द ऐकून मी हुरळले आणि 'चांगले'पुढे खूण करून मोकळी झाले. आमच्याकडे गोड म्हणजे खारट नाही, एवढंच. स्वच्छ की घाण, ते त्यात येत नाही. पुण्याची बाई चुकली असती तर तिला माफ केलं असतं. मला काय धाड भरली होती? विहिरीला लागूनच मजुरांच्या संडासांचा खड्डा होता. तोही मी पाहिला, आणि नाकाला रुमाल लावून फोटो काढायला गेले.

त्या घराला फिल्टर मिळाला नाही.

पुढे दोन महिन्यांनी, त्याच गावातून आमच्याकडे मासळी घेऊन येणाऱ्या बाईने सांगितलं की काकूंची सून गेली. कावीळ झाली होती. आधी गावठी औषध झालं, मग इस्पितळ. दूषित पाण्यामुळे झालं, असं डॉक्टर म्हणाले. बाळही वाचलं नाही.

तेरावं झाल्यावर मी गेले. तोवर न जायला सुतकाचं निमित्त होतं. खरं म्हणजे आधी जायचा धीरच झाला नाही. काकूंसमोर बसून सगळं सांगून टाकलं. चूक माझी, तुमच्या घराला फिल्टर मिळाला असता, मी 'चांगले' लिहिलं म्हणून मिळाला नाही. शिव्या खायची तयारी करूनच गेले होते मी. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.



"तू कशाला रडतेस?" काकू म्हणाल्या. "गोड हाय, असा मीच बोलले ना तुला? ती नको नको म्हनायची. वास येतो म्हनायची. मीच तिला जबरदस्तीने पाजला, पोटुशी बाईनं पानी जास्त प्यावा म्हनून."

मी पुन्हा पुन्हा सांगत राहिले, चूक माझी होती. काकूंना ते पटलं नाही.