मोटारी ऐकणारी माणसं

माझी आत्या एकोणिसाव्या वर्षी तापानं फणफणली आणि त्या आजारातून उठली ती दृष्टी गमावूनच. पुढे तिनं टेलिफोन ऑपरेटर म्हणून तीस वर्षं नोकरी केली. नुसत्या ‘हॅलो’वरून माणूस ओळखायची. निवृत्त झाली तेव्हा घरच्यांना वाटलं, आता तरी ही स्वस्थ बसेल. तिनं वाट्याला आलेली जमीन विकली, घराच्या पुढच्या दोन खोल्यांत बाकं टाकली आणि अंधांना स्क्रू, वायरी, बेअरिंगची कामं शिकवायला माणूस ठेवला.

दोन वर्षांत अकरा जण तयार झाले. नोकरी एकालाही लागली नाही.

“आशीर्वाद सगळे देतात,” आत्या म्हणायची, “काम कोणी देत नाही.”

शेवटी मला बरोबर घेऊन ती मिक्सरच्या कारखान्यात गेली. मालकानं चहा मागवला आणि चेकबुक काढलं. पान फाटल्याचा आवाज आला तशी आत्या म्हणाली, “साहेब, ते राहू द्या. तुमचे मिक्सर परत किती येतात, तेवढं सांगा.”

मालकाची दुखरी नस तीच होती. मोटारी मीटरवर पास व्हायच्या आणि महिन्याभरात घरघरत परत यायच्या. त्यानं फोरमनला बोलावलं.

“बाई, इथे डोळ्यांत तेल घालून काम करावं लागतं,” फोरमन म्हणाला.

“तसली माणसं तुमच्याकडे आहेतच,” आत्या म्हणाली. “माझ्या माणसांच्या कानात तेल नाही, एवढंच सांगते. एक दिवस द्या.”

दुसऱ्या दिवशी तिनं त्या अकरा जणांतल्या एका शिंप्याला नेलं. ऐन पस्तिशीत नजर गेल्यावर मशीन विकून तो घरी बसला होता. बायकोनंच हात धरून त्याला आत्याकडे आणलं होतं. पास झालेल्या वीस मोटारी त्याच्यापुढे ठेवल्या. तो एकेक चालू करायचा, बोटं टेकवायचा, मान कलती करून ऐकायचा. तीन त्यानं बाजूला सरकवल्या.

“यांचं काय बिघडलंय?” फोरमननं विचारलं.

“ते मला नाही सांगता येणार. पण या खूश नाहीत.”

कोणीतरी हसलं. फोरमननं पहिली मोटार उघडली. बेअरिंगमध्ये ग्रीसचा टिपूस नव्हता. दुसरीत शाफ्ट केसभर वाकडा. तिसरी उघडायला त्यानं वेळ लावला. उघडल्यावर मात्र ती स्वतःच उचलून मालकाकडे घेऊन गेला. परत आला तेव्हा त्यानं शिंप्याचा हात हातात घेतला आणि विचारलं, “सोमवारपासून याल?”

शिंप्याच्या आधी आत्यानंच सांगितलं, “येतील. चौघं येतील.”

पहिल्याच आठवड्यात चौघांतली एक मुलगी वाटेत ठेवलेल्या हातगाडीवर आपटली. फोरमन हळहळला, पण तिला घरी पाठवलं नाही; हातगाड्यांना जागा आखून दिली. वर्षभरात परत येणाऱ्या मिक्सरांचं कपाट रिकामं झालं, आणि शेजारच्या पंखेवाल्यानं आत्याचा पत्ता विचारला.

आज पाच कारखान्यांत तिची त्रेसष्ट माणसं आहेत. शिंपी आता तपासणी विभागाचा प्रमुख आहे. नवी माणसं तोच निवडतो. गेल्या महिन्यात एक डोळस तरुण मुलाखतीला आला होता. शिंप्यानं त्याचा अर्ज दुसऱ्याकडून वाचून घेतला आणि विचारलं, “दिसतंय ते ठीक आहे. ऐकू कसं येतं?”

घेतलं त्याला. अजून शिकतोय.