वळणावरचं चाक
महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि माती तपासायच्या कामावर माझी धाड या गावी नेमणूक झाली होती. सोबत मिळालेली जुनी लष्करी जीप काळ्या रानात हमखास रुतायची. मागचं एक चाक गरागरा फिरायचं, दुसरं ढिम्म उभं राहायचं. दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं लॉक मुंबईला मिळायचं, पण ते परवडणारं नव्हतं. म्हणून मी बाजाराच्या टोकाला एकट्यानं गॅरेज चालवणाऱ्या मिस्त्रीला म्हणालो, "मागच्या एक्सलमधले गिअर वेल्डिंग मारून जोडून टाका. स्वस्तात भागेल."

त्यानं मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलली, गाडी गिअरमध्ये टाकली आणि एक चाक हातानं फिरवलं. दुसरं उलटं फिरलं.

"वळणावर एकाले जास्त फिरा लागते, सायब. बांधून टाकलं तं एक्सल तुटते."

"मग रुतल्यावर काय करू?"

"रेस देता देता ब्रेक जरासा दाबा. फिरणारं अडते, मंग थांबलेलं चालू लागते."

"हातचं काम का सोडता?"

पान्यावरचं ग्रीस तो बराच वेळ पुसत राहिला. "घरी मी वेल्डिंगच मारलं होतं. बायकोले कुठंच जाऊ देलं नाही, माहेरीबी नाही. एक दिवस गेली माहेरी, साखरखेर्ड्याले. आलीच नाही."

मग त्यानं पुन्हा चाक फिरवलं आणि पलीकडचं उलटं फिरून थांबेपर्यंत त्याच्याकडे पाहत उभा राहिला. जॅक उतरवा म्हणायचं माझ्या जिवावर आलं.