अख्तरीबीचं जहाज

रविवारी अकरा वाजता आभाळात काय घडलं, ते आमच्या गावच्या बायांना सोमवारी सकाळी कपाशीत कळायचं. सांगायची अख्तरीबी.

आमचं गाव धाड या बाजाराच्या गावापासून चार कोसांवर. ही गोष्ट दोन हजार आठ सालच्या हंगामाची. तोवर शिवारातली जुनी सरकी संपली होती आणि सगळीकडं दर साली नव्यानं विकत घ्यायची बीटीची पाकिटं आली होती. अख्तरीबीचा नवरा अब्दुल गनी कापूस पिंजून गाद्या भरायचा आणि अख्तरीबी कापूस वेचणाऱ्या बारा बायांची टोळी चालवायची. माझी आई तानाबाई त्याच टोळीत होती. इथं जे लिहितो आहे ते बरंचसं तिच्या तोंडून ऐकलेलं आहे.

अख्तरीबीच्या घरी छोटा टीव्ही होता. त्यावर दर रविवारी एक परदेशी मालिका हिंदीत लागायची. पृथ्वी करपून गेलेली. उरलेली चार हजार माणसं एका मोठ्या जहाजात बसून आभाळातून दुसरी जमीन शोधायला निघालेली. गावात ती मालिका बघणारं दुसरं कुणी नव्हतं. बाकीच्या घरांत त्या वेळी देवाधर्माचं काहीतरी चालू असायचं.

वेचणीला प्रत्येक बाई आपली पात धरते, म्हणजे दोन ओळींमधून चालत दोन्हीकडची बोंडं वेचत जाते. अख्तरीबी मधली पात धरायची आणि पहिल्या झाडापासून सांगायला लागायची. तिचा आवाज बारीक. मागं राहिलं तर ऐकू येत नसे, पुढं गेलं तरी येत नसे. म्हणून हळू हाताच्या बाया नकळत भराभर वेचायच्या, घाईवाल्या बाया बोंडं नीट झाडून घ्यायच्या, आणि बाराच्या बारा एका रेषेत चालायच्या. दुरून बघणाऱ्याला वाटावं, कुणी दोरी धरली आहे. धुरा, म्हणजे वावराचा बांध, आला की अख्तरीबी गप्प. गोष्ट कुठंही असो, पुढचं पुढच्या पातीला.

जहाजाच्या कप्तानाला ती मुकादम म्हणायची. कधी म्हणायची, "मोटार तापली व जहाजाची, अन् हवेची टाकी अर्ध्यावर आली." बायांना सगळं समजायचं. मुकादम माहीत होता, मोटार तापणं माहीत होतं, टाकी अर्ध्यावर येणं तर रोजचं होतं.

पण तिचा एक नेम होता. जेवढं पाहिलं तेवढंच सांगायचं. एकदा जहाजातलं एक तान्हं लेकरू आजारी पडलं. बाया म्हणाल्या, "अख्तरीबी, मारू नको व त्याले."

ती म्हणाली, "मी कोण मारणारी अन् वाचवणारी? पाहीन ते सांगीन."

पुढच्या सोमवारी तिनं लेकरू गेल्याचं सांगितलं. आई म्हणायची, त्या दिवशी अख्खी पात बाया डोळे पुसत वेचत होत्या, आणि अख्तरीबीचा स्वतःचा आवाज चार वेळा बसला. तरी तिनं ते लेकरू जगवलं नाही.

टोळीत सगळ्यांत वयस्क वच्छलाबाई. तिची पात नेहमी अख्तरीबीच्या शेजारची, कारण तिला कमी ऐकू यायचं. मालिका सुरू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात तिनं वेचता वेचता विचारलं, "अख्तरे, त्याइनं बियाणं कोणतं नेलं?"

"कायचं बियाणं?"

"खातीन काय मंग ते चार हजार लोकं? बियाणं तं नेलंच असन. पण पाकिटातलं नेलं असन तं दुसऱ्या साली काय पेरतीन? वरतं कुठी दुकान हाय?"

बाया हसल्या. अख्तरीबी हसली नाही. "या इतवारी पाहून सांगतो, वच्छलामाय," ती म्हणाली.

आणि तिनं पाहिलं. जहाजात एक म्हातारी होती. तिच्या खोलीत भिंतभर डबे होते, आणि दर पिकातलं बी ती निवडून डब्यात ठेवायची. हे ऐकून वच्छलाबाई म्हणाली, "मंग ते जगतीन." त्या दिवसापासून ते जहाज जणू तिचंच झालं.

त्या वर्षी पावसानं मधेच दगा दिला. कपाशीवर लाल्या पडला, पानं वेळेआधी तांबडी झाली, दुसऱ्या वेचणीलाच झाडं रिकामी दिसू लागली. त्याआधीची दोन सालंही तशीच गेली होती. वच्छलाबाईचा लेक सहदेव यानं तीन एकराचं वावर विकून टाकलं आणि सुरतला कापडाच्या कारखान्यात लागला. दिवाळीनंतर त्याचा निरोप आला, की खोली मिळाली आहे, पुढच्या बेस्तरवारी, म्हणजे गुरुवारी, न्यायला येतो.

वच्छलाबाई उभ्या जन्मात मलकापूरच्या पलीकडं गेलेली नव्हती. सुरत कसं आहे, असं तिनं कुणाला विचारलं नाही. तिनं अख्तरीबीला एवढंच विचारलं, "तुयं जहाज कधी उतरते?"

"या इतवारी शेवटचा भाग हाय म्हंते."

"मंग मी जायच्या आंधी सांगजो मले. ते लोकं कुठी उतरले का नाई, एवढं सांगजो. तिकडं कोण सांगन?"

"सांगतो," अख्तरीबी म्हणाली. तिनं शब्द दिला.

त्याच आठवड्यात भारनियमनाची वेळ बदलली. रविवारी सकाळी दहाला लाईट गेली ती दोनला आली. अकरा वाजता अख्तरीबी काळ्या पडद्यासमोर बसून होती. अब्दुल गनी म्हणाला, "तो पडदा पाहून काय होते? उठ, चहा टाक." ती उठली नाही. बाराला उठली.

सोमवारी टोळीला कळलं. माझी आई तिला म्हणाली, "सांगून टाक, उतरले म्हनून. काय जाते तुयं? म्हातारी खुशीनं जाईन."

"अन् ते उतरले नसन तं?"

"तिले कोण सांगाले येते तिथं?"

"तानाबाई," अख्तरीबी म्हणाली, "त्या लेकराच्या वक्ताले मी खोटं नाई बोलली. आता बोलली तं ते लेकरू फुकट मेलं."

अख्तरीबीनं हिशोब केला, की धाडची लाईट आपल्या लाईनवर नाही, तिथं रविवारी ती गेली नसेल आणि कुणीतरी शेवटचा भाग पाहिला असेल. मंगळवारी ती मजुरी बुडवून जीपनं धाडच्या बाजारात गेली. ओळखीचा माणूस म्हणजे वकार, मसाल्याच्या दुकानवाला. गिऱ्हाइकांच्या गर्दीतून ती थेट पुढं गेली आणि म्हणाली, "वकारभाई, जहाज उतरलं का?"

वकारच्या हातातली हळदीची पुडी थांबली. त्याचे चाचा चारच दिवसांपूर्वी हजला निघाले होते.

"कौनसा जहाज, आपा?"

"ज्याच्यात सगळे लोकं होते. उतरले का नाई? जिंदा हायेत ना?"

वकारनं पुडी खाली टाकली आणि फोन काढला. फोन लागेना. शेजारच्या दुकानदारानं पुढच्याला सांगितलं, पुढच्यानं त्याच्या पुढच्याला. पाव घंट्यात निम्म्या बाजारात झालं, की हाजी लोकांचं विमान उतरलंच नाही. माणसं दुकानासमोर जमली. एक म्हातारा खाली बसून दुवा मागायला लागला. अख्तरीबीला वाटलं, धाडची माणसं किती भली, माझ्या जहाजासाठी एवढी घाबरली.

शेवटी कुणीतरी विचारलं, "आपा, तुमाले खबर कुठून लागली?"

"टीव्हीवर पाहत व्हती ना मी. दर इतवारी. या इतवारी लाईट गेली."

मग वकार आधी रागावला आणि नंतर इतका हसला, की त्याला स्टुलावर बसावं लागलं. "आपा, मेरे चाचा को तुमने आसमान में लटका दिया," तो म्हणाला. अख्तरीबी शरमून पदर सारखा करत उभी राहिली.

त्या गर्दीत स्नेहलताबाई होत्या. त्यांचे यजमान हायस्कुलात कारकून. त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी गार्गी पुढं झाली. "काकू, ती जहाजाची मालिका ना? मी पाहिला शेवटचा भाग."

अख्तरीबीनं तिचा हात धरला. "उतरले का, बाई?"

"जहाज थांबलं. ती डबेवाली म्हातारी डबा छातीशी धरून दारापाशी आली. दार उघडलं. आत उजेड आला."

"मंग?"

"मग पडद्यावर नावं आली. संपलं."

"असं कसं संपलं?"

"शेवट त्यांनी आपल्यावर सोडलाय, काकू."

"आपल्यावर काऊन?" अख्तरीबी म्हणाली. "जहाज का आपण चालवत होतो?"

बुधवारची वेचणी वच्छलाबाईची शेवटची. शेवटची पात धरली तेव्हा दुपार उतरली होती. अख्तरीबीनं सुरुवात केली. मोटार कशी मंद झाली, म्हातारी कशी चालत आली, डबा कसा धरला. बाया एका रेषेत. धुरा दोन झाडांवर राहिला तेव्हा तिनं दार उघडलं, आत उजेड आणला, आणि म्हणाली, "मंग नावं आली. एवढंच दाखवलं, वच्छलामाय. हे मी पाह्यलेलं नाई, धाडच्या एका पोरीनं पाह्यलं. तिनं सांगलं तेवढं सांगलं."

वच्छलाबाईनं हातातला कापूस ओटीत टाकला. मग विचारलं, "उजेड कसा व्हता? पांढरा का पिवळा?"

अख्तरीबी गोंधळली. "काऊन?"

"पांढरा असन तं ट्यूबलाईटीचा. म्हंजे बाहेर बी कोण्या घरातच गेले ते. पिवळा असन तं उन्हाचा."

"ते नाई इचारलं मी," अख्तरीबी म्हणाली. आई सांगायची, आयुष्यात इतकी ओशाळलेली अख्तरीबी तिनं तेव्हा एकदाच पाहिली.

"राहू दे," वच्छलाबाई म्हणाली. "सांगलं तेवढं लय झालं."

बेस्तरवारी सकाळी सहदेव आईला घेऊन जीपमध्ये बसला. एक बोचकं, एक डबा. जीप हलायच्या आत अख्तरीबी येऊन शेजारी बसली.

"तू कुठी निघाली व?" वच्छलाबाईनं विचारलं.

"धाडले. काम हाय."

धाडला मलकापूरची एसटी लागलेली होती, तिथून पुढं सुरतची रेल्वे. कंडक्टर म्हणाला, दहा मिनिटं आहेत. अख्तरीबीनं चपला हातात घेतल्या आणि पन्नाशी गाठलेली ती बाई बाजारपेठेतून पळत सुटली. कारकुनाचं घर पाण्याच्या टाकीमागं आहे, हे तिनं मंगळवारीच विचारून ठेवलं होतं. गार्गी कॉलेजला निघायच्या बेतात दारात उभी होती. अख्तरीबीनं धापा टाकत विचारलं. पोरगी आधी हसली, मग हसणं थांबवून तिनं डोळे मिटले आणि आठवून सांगितलं.

अख्तरीबी परतली तेव्हा कंडक्टरनं घंटी दिली होती आणि गाडी हलली होती. वकारनं दुकानातून पाहिलं आणि धावत जाऊन गाडीच्या बॉनेटवर दोन थापा मारल्या. गाडी थांबली. अख्तरीबी खिडकीखाली आली. धाप लागल्यामुळं तिला आधी बोलताच येईना.

"पिवळा," ती म्हणाली. मग श्वास घेऊन, "अन् दार उघडल्यावर आत धूळ उडाली म्हंते. म्हातारीनं डोळ्यावर हात धरला."

वच्छलाबाईनं खिडकीची दांडी धरली होती. ऐकू आलं की नाही, अशी शंका येऊन अख्तरीबी पुन्हा मोठ्यानं म्हणाली, "धूळ उडाली, धूळ."

"आईकलं व," वच्छलाबाई म्हणाली. "धूळ उडाली तं माती हाय तिथं."

गाडी गेली. अख्तरीबीनं चपला खाली टाकून पायांत घातल्या. वकारनं पाणी दिलं ते प्यायली, आणि दुपारच्या जीपनं गावी येऊन थेट वावरात आली. माझ्या आईनं विचारलं, "गाठ पडली?"

"पडली," ती म्हणाली. मग ओटी बांधून तिनं वच्छलाबाईची रिकामी पात धरली, आणि उजेड कसा होता ते ऐकायला बाया आपापल्या ओळी सोडून तिच्या दोन्ही अंगांना येऊन उभ्या राहिल्या.