इमानाच्या खड्ड्यात काय उरलं

माझी शाळा चौथीपर्यंत झाली. त्यानंतर पेन हातात यायचं ते फक्त सही करायला. ऱ्हस्व-दीर्घ मला अजून कळत नाही आणि अक्षरही वाकडंतिकडं येतं, तेवढं समजून घ्यावं. चार माणसांत बोलायला मला जमत नाही, म्हणून लिहिते.

ऐंशी सालानंतर मी लग्न होऊन धुळ्याहून चाळीसगावकडच्या एका डोंगराखालच्या गावी आले. सासूबाईंबरोबर पहिल्यांदा सीताफळं तोडायला गेले, तेव्हा आमच्या बरड जमिनीत एक मोठा खड्डा दिसला. आत करवंदाच्या जाळ्या माजल्या होत्या.

"हे काय?" मी विचारलं.

"इमान पडनं व्हतं आठे. मिलटरीनं."

आमच्याकडे विमानाला इमान म्हणतात; मिलिटरीचं विमान होतं. ते पडलं तेव्हा सासूबाईसुद्धा नव्या नवरी होत्या. आत किती माणसं होती, हे गावात प्रत्येक जण वेगळं सांगायचा. गाड्या आल्या, माणसं नेली, मोठे भाग नेले, एवढंच सगळ्यांचं जुळायचं. खड्ड्याच्या काठावर कोणीतरी एक दगड शेंदूर लावून ठेवला होता. सासूबाईंनी त्याच्यापुढे एक सीताफळ ठेवलं.

"कोणासाठी?"

"ज्यानं आठे कोनीच नही, त्यानासाठे."

मला त्या जागेचा नाद लागला. डोंगरावर गेले की मी खड्ड्यात उतरायची. काचेसारखा एक जाड तुकडा सापडला, पण तो हाताला कापत नव्हता. वायर वितळून गोळा झालेली होती. एका पत्र्याच्या चिंधीवर इंग्रजी अक्षरं आणि आकडे ठोकलेले होते. आकडे मला वाचता आले, अक्षरं नाही.

बाकीचं विमान गावात होतं, हे मला उशिरा कळलं. आमच्या पाण्याच्या माठावरचं झाकण घासताना त्याच्या कडेला रिबिटांची, म्हणजे पत्रे जोडायच्या खिळ्यांची, सरळ ओळ दिसली, मशीनवर टीप मारल्यासारखी. मग मी जिथं जाईन तिथं बघायला लागले. कोणाच्या कोंबड्यांच्या खुराड्याचं दार, कोणाच्या बाजरीच्या कणगीवरचं झाकण. एका म्हातारीचं तर भाकरी उलटायचं उलथनंच विमानाचं होतं, आणि कागदासारखं हलकं.

एकदा चाळीसगावचे भंगारवाले चाचा सायकलवर आले. सासरे ओट्यावर बसले होते. त्यांना सगळे आबा म्हणत. सासऱ्यांसमोर सुनेनं बोलायचं नाही अशी रीत होती, म्हणून मी दाराआड चुलीपाशीच होते. तुमच्या जमिनीत विमानाचं इंजिन पुरलेलं आहे असं ऐकलंय, असं चाचा म्हणाले आणि त्यांनी नोटा पुढे केल्या.

"आबा, ये चारसौ इमान पे देता हूँ. माल उठाएंगे तब हिसाब."

आबांनी पैसे घेतले. ननंद बाळंतपणाला आली होती. ते पैसे तिच्या दवाखान्यात गेले.

दिवाळीनंतर चाचा बैलगाडी आणि मजूर घेऊन आले. दिवसभर खोदलं. गंजलेला एक पाइप आणि रबराचा तुकडा निघाला. संध्याकाळी ते घामाघूम होऊन आमच्या ओट्यावर आले.

"आबा, माल कहाँ है?"

"मी इमान इकं, तू लिधं. आते खड्डामा काय शे, ते तू देख." आबांच्या लेखी विमान विकून झालं होतं.

"मैंने कब खरीदा? मैंने तो इमान पे दिया था!"

"हां, मी तेच सांगस! इमानना पैसा दिधात ना तू?"

"अरे, इमान पे! इमान पे!"

"तेच ना, इमानवर!"

माणसं जमली. त्यातला एक जण म्हणाला, "आबा, तुमनं इमान उडी गयं!" सगळे हसले. आबा हसले नाहीत. आयुष्यात कोणी त्यांच्या शब्दाला नावं ठेवली नव्हती, आणि आता त्यांच्याच ओट्यावर त्यांची फजिती चालली होती.

धुळ्यात आमच्या शेजारी मुसलमान विणकरांची घरं होती. त्यांच्या तोंडी इमान म्हणजे काय, हे मी लहानपणापासून ऐकत होते. मी सासूबाईंच्या कानात सांगितलं. त्या दारातूनच मोठ्यानं म्हणाल्या, "सून म्हनस, इमान म्हंजे इश्वास. त्यानी तुमनावर इश्वास ठेईसन पैसा दिधात. इकत नही लिधं."

चाचांचा आवाज उतरला. ते म्हणाले, घरोघरी पत्रे आहेत, तेच गोळा करून द्या, हिशेब मिटेल. मी आमच्या माठाकडे बघितलं.

आबा म्हणाले, "लोकेसना घरना पत्रा मांगाले नही जावानं. तुना पैसा मी परत दिसू."

त्या हिवाळ्यात सासूबाई आणि मी दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला गेलो. आबांनी एक बोकड विकला. बाजाराच्या दिवशी थोडेथोडे पैसे चाचांकडे जायचे. पुढच्या वेचणीपर्यंत ते चाललं. शेवटच्या खेपेला सासूबाईंना ताप होता, म्हणून एसटीनं आबांबरोबर मी गेले.

दुकानात अॅल्युमिनियमचा ढीग होता. त्यात रिबिटांची ओळ आणि आकडे असलेला एक पत्रा दिसला आणि आबा शेजारी उभे आहेत हे मी विसरले.

"चाचा, हे आमच्या विमानाचं?"

"नहीं बेटी. ऐसे और भी गाँव हैं."

"मग याचं पुढे काय होतं?"

"पिघलाके पतेले बनते. तू दाल पकाती है ना, वैसे."

मी झटकन पदर पुढे ओढला. आबांनी माझ्याकडे बघितलं. रागावले नव्हते. "आजून काय इचारनं व्हई ते इचारी ले," म्हणाले.

मी विचारलं, वितळवल्यावर त्यावरचे आकडे कुठे जातात? चाचा हसले. त्यांनी तो पत्रा उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, आधी तू वाचून घे. मी उजेडात धरून वाचत होते, तोवर आबांनी धोतराची गाठ सोडून नोटा पुढे ठेवल्या. चाचांनी त्या मोजल्या.

"पूरे हो गए, आबा."