म्हाळात उमललेली फुलं

पितरांच्या म्हाळाचे दिवस आले, घराघरांतून खीर-वड्यांचा वास सुटला की मला पाटणच्या आमच्या पॉलीहाऊसमधली ती कुंडी आठवते. बायकोच्या फौजी भावानं थंड मुलखातून स्नोड्रॉपचे कंद आणले होते, पानांआधीच पांढरी फुलं येणारी जात. "म्हाळ सरल्याबिगर पाणी घालायचं न्हाई, मग दिवाळीला बघा," बायको सांगायची. तिला चकित करावं म्हणून मी श्रावणापासूनच चोरून पाणी घालू लागलो. ऐन म्हाळात कुंडी फुलांनी भरली आणि त्याच आठवड्यात वडील अचानक गेले. मातीवरून परतलो तर आईनं कुंडी अंगणात आपटलेली. "बिनपानाचं पांढरं फुलवलंस व्हय गं म्हाळात? पांढऱ्या पायाची!" बायको रडत म्हणाली, "आत्ती, म्या पाणीच घातलं न्हाई. आवं, तुमी तरी सांगा की!" सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, "आईच्या तोंडाला लागू नकोस." त्यानंतर कित्येक वर्षं भावकीत कुणी तिला हळदी-कुंकवाला बोलावलं नाही. गेल्या वर्षी आईही गेली. परवा भाजी निवडत बसलेल्या बायकोला मी एकदाचं सांगितलं, पाणी मी घातलं होतं. तिनं मान वर केली नाही. "मला ठावंच हुतं," ती म्हणाली. "ज्यांना सांगायचं, त्या आता न्हाईत."