आमच्या टँकचं पाणी पास का नापास?

स्विमिंग टँकच्या पंपाला एक जाळीची बादली असती. पाण्यातलं सगळं तिच्यात अडकतं. केस, टिकल्या, बँडेज, एकदा तर अख्खी कवळी! रोज सकाळी मी ती उपसतो, दुसऱ्या दिवशी परत भरलेली. किस्स्यांचं पण तसंच हाय गड्यांनो. सांगून मोकळं व्हावं तर तवर नवे साचलेले. म्हणून आज बादली उलटीच करतो.

आमचा टँक कराडला, हायवेच्या अलीकडं. तिथं आमी तिघं. सुभेदार सायेब म्हंजे मॅनेजर, पाटणकडचे, मिलिटरीतनं रिटायर. दिलावर चाचा पंप आन् फिल्टर बघत्यात. आन् मी सम्या, पाण्याचा डॉक्टर! दहावीला विज्ञानात गचकलेला.

* * *

डॉक्टर कसा झालो ते ऐका. पहिल्याच दिवशी सायबांनी माझ्या हातात प्लास्टिकचा डबा दिला. आत दोन नळ्या, दोन बाटल्या. एका नळीत टँकचं पाणी घेऊन थेंब टाकले की पिवळं होतं, त्यावरनं क्लोरीन किती ते कळतं. दुसरीत लाल होतं, त्यावरनं पीएच, म्हंजे पाणी आंबटाकडं झुकलंय का सोड्याकडं. रंग डब्यावरच्या पट्टीशी जुळवायचा, आकडा वहीत लिवायचा. बास!

मी म्हणलं, "आवं सायेब, मी नापास हाय."

"म्हणूनच दिला! तुझ्या आधीचा बीएस्सी हुता. आख्ख्या आठवड्याचे आकडे सोमवारीच लिवून ठेवायचा!"

* * *

मे महिन्यात टँकला असा वास सुटला की डोळे चुरचुरायला लागले. मेंबर लोकांनी दंगा घातला, "औषध लय झालंय!" चाचांनी क्लोरीन कमी केलं. वास वाढला. आणखी कमी केलं. आणखी वाढला!

मी नळी भरली, थेंब टाकले. पिवळं म्हणावं का न्हाई, एवढं फिकट.

"चाचा, औषध जास्त न्हाई, कमी पडलंय. घाम आन् घाण खाऊन ते दमलंय, त्याचा ह्यो वास. दणकून टाका."

"वास येतोय म्हणून वासाचंच टाकू? डोकं फिरलंय का रं तुझं?"

पण टाकलं बिचाऱ्यांनी. टँक बंद ठेवून, चांगलं दणकून. मग नळीतला रंग पट्टीवर येईस्तवर मी कुणाला पाण्यात पाय बुडवू दिला न्हाई. टँक उघडला तवा वास गायब! सगळ्यात जास्त बोंबलणारे मेंबर पोहून आले नि चाचांच्या पाठीवर थाप मारून म्हणले, "बघा! औषध कमी केलं तर किती बरं वाटतंय!"

चाचा माझ्याकडं बघत म्हणले, "व्हय व्हय, तुमचंच ऐकलं!"

* * *

सुट्टीच्या बॅचमधल्या बारक्या पोरांना मी एक थाप मारून ठेवलेली. पाण्यात कोण मुतलं की माझी नळी लाल होती, आन् कोण मुतलं ते पण मला कळतं!

एक दिवस टँक गच्च भरलेला. मी काठावर उभा राहिलो, नळी भरली, पीएचचे थेंब टाकले. ती तर रोजच लाल होती! नळी उंच धरली. नुसतं एकेकाच्या तोंडाकडं बघत गेलो.

पोरं जागची हलली न्हाईत. पण पल्याडच्या कोपऱ्यातनं एक मोठा माणूस गपचूप शिडी चढून बाहेर आला, टॉवेल गुंडाळला नि मान खाली घालून तडक शॉवरकडं.

आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर!

* * *

सांगलीच्या एका गुळाच्या व्यापाऱ्यानं फार्महाऊसवर स्पा बसवला. म्हंजे गरम पाण्याचा, बुडबुड्याचा टब. पाणी गढूळ दिसतंय म्हणून सायबांनी मला धाडलं. जाऊन बघतोय तर शेठ गळ्यापर्यंत फेसात!

"कसं वाटतंय रं? कंपनीनं फेस फुकटात दिलाय!"

"शेठ, अंगावर काय घातलंय?"

"बनियन आन् हाफ पँट. का रं?"

"घरीच धुतलेली?"

"मग! आमची ही पावडर दोन मुठी जास्तच टाकती. तिला स्वच्छता लय."

"मग शेठ, ह्यो फेस कंपनीचा न्हाई, काकूंचा हाय!"

सगळं पाणी काढलं, नवं भरलं, औषध बरोबर केलं. काचेसारखं पाणी! शेठ कपडे काढून आत बसले, खाली बघितलं नि एकदम तोंड पाडलं.

"पोरा, आता मी सगळाच दिसतोय की रं!"

* * *

आता शेवटचा. जिल्ह्याच्या पोहण्याच्या स्पर्धा पहिल्यांदाच आमच्या टँकवर हुत्या. आधी एक अधिकारी येऊन पाणी तपासणार, नापास झालं तर स्पर्धा रद्द. सुभेदार सायेब मला म्हणले, "सम्या, पाणी नापास झालं तर डबा ठेवायचा नि घरी जायचं. सीधी बात."

मला ते लय लागलं. आयुष्यात पहिल्यांदाच लोक मला इचारून काय तरी करत हुते गड्या. त्यो डबा मला सोडायचा न्हवता.

तीन दिवस मी टँक सोडला न्हाई. पीएच चढलेला. ॲसिड थोडं थोडं टाकायचं, पंप फिरवायचा, थांबायचं, नळी भरायची. परत तेच. स्पर्धेच्या सकाळी आकडा आला सात पूर्णांक चार. जिथं पाहिजे तिथंच!

अधिकारी आले. खिशातनं पेनासारखं डिजिटल मीटर काढलं, पाण्यात बुडवलं.

"आठ पूर्णांक नऊ. नापास."

पोहायचे कपडे घालून पोरं रांगेत उभी, मागं त्यांचे आईबाप. मी पळत जाऊन नळी आणली. "सायेब, ही बघा, सात पूर्णांक चार!"

"ही रंगपंचमी तुझ्याजवळच ठेव. मीटर खोटं बोलत नाही. स्पर्धा रद्द."

सुभेदार सायबांनी माझ्या डब्याकडं बघितलं.

तेवढ्यात चाचा लिंबू सरबत घेऊन आले. अधिकाऱ्यांनी एक घोट घेतला नि तोंड वाकडं केलं. "अहो, केवढं आंबट केलंय!"

मी म्हणलं, "सायेब, आंबट असलं की आकडा सातच्या खाली जातो ना?"

"अर्थात. लिंबाचा दोन-अडीच येईल."

"मग एकदा ग्लासात बुडवा की."

सगळे पुढं सरकले. चाचांनी ग्लास धरला. अधिकाऱ्यांनी मीटर पुसलं, बुडवलं.

आठ पूर्णांक नऊ!

सुभेदार सायबांनी टाचा जुळवल्या, छाती पुढं काढली नि सगळ्या टँकला ऐकू जाईल असं इचारलं,

"सायेब, सरबत पण रद्द करायचं का?"