टीव्हीच्या थर्माकोलचं स्टेडियम

गल्फमध्ये राहणाऱ्या माणसाच्या कपाटावर टीव्हीचं खोकं असतंच, आतल्या थर्माकोलसकट. कधीतरी कायमचं परत जायचं, तेव्हा टीव्ही त्यातच बांधून न्यायचा. वादी अदाईच्या आमच्या फ्लॅटमध्येही होतं. त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

दोन हजार सालच्या आसपास कंपनीची कामं आटली. कुरुमच्या ऑफिसात अर्बाबने, म्हणजे मालकाने, बोलावून सांगितलं, तुझी नोकरी राहील, पण फ्लॅट आणि फॅमिली व्हिसा खलास. मी "ओके सर" म्हणालो आणि जागेवर येऊन अर्धवट राहिलेलं ड्रॉइंग पुरं केलं. काही म्हणजे काही वाटलं नाही. बायकोने बॅगा भरायला घेतल्या, मी माबेल्यात चौघांच्या खोलीत एक कॉट बघून आलो. जेवण जात होतं, झोपही लागत होती.

बायको आणि लेक निघायच्या आदल्या दिवशी टीव्ही बांधायला खोकं खाली काढलं, तर आत थर्माकोल नाही. सातवीतल्या लेकीने ते कापून शाळेचं प्रोजेक्ट केलं होतं: प्राचीन ग्रीक स्टेडियम.

"अहो, बघताय काय नुसते! आता टीव्ही काय डोक्यावर घेऊन जाऊ?" बायको कडाडली.

"हे चुकलंय," मी मॉडेलकडे बघत म्हणालो. शेवटी ड्राफ्ट्समन ना मी! "स्टेडियम गोल असतं. ही तर सरळ पट्टी झाली."

"पप्पा, तेव्हा स्ट्रेटच होता," लेक म्हणाली. तिचं मराठी अडखळतच यायचं. "इकडे स्टार्ट, तिकडे फिनिश. लाँग रेस असला तर खांबाला टर्न मारून बॅक." लोक दोन्हीकडच्या मातीच्या उतारावर बसायचे. देवाच्या उत्सवात तिथे धावायचे, थाळी आणि भाला फेकायचे. पुढे उत्सव बंद पडले, नदीच्या गाळाने सगळं बुजलं, वर शेती झाली. "आणि मम्मी, लग्न झालेल्या लेडीजना एंट्री नव्हती. मुलींना होती."

"घ्या! म्हणजे तिथूनही मला हाकललंच," बायको म्हणाली. त्या दोघी हसल्या, म्हणून मीही हसलो.

प्रोजेक्ट शनिवारी, म्हणजे तिकडच्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, द्यायचं होतं आणि विमान शुक्रवारचं. शाळा सोडल्याचा दाखलाही काढून झाला होता, मार्क कसले मिळणार! पण लेक ऐकेना. "पप्पा, तू दे. मिसच्या हातात. प्रॉमिस?" तिला शनिवारी त्या वर्गात असायचं होतं, एवढंच. टीव्ही राहिला.

शुक्रवारी दोघींना विमानतळावर सोडलं, हात हलवला. डोळे कोरडे ठाक. माझी मलाच चीड आली.

शनिवारी टॅक्सीत मॉडेल मांडीवर घेऊन शाळेत गेलो. मिसना ते फार आवडलं. "तिला बरं नाही का? उद्या येऊन तिलाच वर्गाला समजावून सांगू दे," त्या इंग्रजीत म्हणाल्या. दाखल्याची गोष्ट शाळेच्या ऑफिसातून वर्गापर्यंत पोचलीच नव्हती. पुढच्या बाकावर लेकीच्या मैत्रिणीने शेजारच्या जागेवर स्वतःचं दप्तर ठेवून ती अडवून धरली होती. माझ्या पोरीने कुणालाच सांगितलं नव्हतं.

"ती येणार नाही, मिस," मी म्हणालो. "इंडियाला गेली. कायमची."

मैत्रिणीने दप्तर काही उचललं नाही. माझ्याकडे बघून तिने विचारलं, "अंकल, मग तुम्ही का नाही गेलात?"

उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि त्या सगळ्या पोरांसमोर मी ढसाढसा रडलो.